सायक्लमेनला धीट म्हणू नये

काही वर्षांपूर्वी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आम्ही रसग्रहणासाठी एक उतारा दिला होता. एका युरोपीय कथेच्या मराठी अनुवादातील तो उतारा. जानेवारीतली बाग, निष्पर्ण झाडे, जमिनीवर बर्फाचा पातळ थर, आणि एका झाडाच्या बुंध्याशी उमललेली सायक्लमेनची गुलाबी फुले पाहत उभी असलेली एक वृद्ध स्त्री. उताऱ्याखाली अनुवादकाची तळटीप होती. तीत सायक्लमेन म्हणजे ‘एक प्रकारचे विदेशी फूल’, एवढीच माहिती होती. प्रश्न आम्हीच काढलेला : फुलांच्या प्रतिमेचे प्रतीकात्मक महत्त्व स्पष्ट करा. उत्तरे अपेक्षेप्रमाणे आली. फुले म्हणजे आशा, फुले म्हणजे जिद्द, मृत्यूच्या छायेतही जीवनाने उभारलेला विजयध्वज, इत्यादी. विद्यार्थ्यांनी लिहिले, आम्ही गुण दिले. ज्याने ‘गोठवणाऱ्या थंडीलाही न जुमानणारे धीट फूल’ असे लिहिले होते, त्याच्या उत्तरपत्रिकेत आम्ही समासात ‘छान’ असा शेराही मारला होता.

त्या शेऱ्याचे आम्हांस आता वाईट वाटते. याचे कारण साहित्यशास्त्रीय नाही, निदान सुरुवातीला तरी नव्हते. ते एका बागेत सापडले, आणि एक झाड आमच्या हातून मेल्यानंतर सापडले.

आमच्या थोरल्या बहिणीचे घर इंग्लंडच्या दक्षिण भागात आहे. आमच्या म्हणजे आम्हां दोघांपैकी एकीच्या. पण ताईला आम्ही दोघेही ताईच म्हणतो. घरामागे चिंचोळी बाग, बागेच्या टोकाला हेझलचे जुने झाड. 2015 सालच्या शरदात ताईने एका दुकानातून सायक्लमेनचे पाच सुके कंद आणले. वेष्टनावर बर्फातल्या गुलाबी फुलांचे चित्र होते, आत सुपारीपेक्षा थोडे मोठे, चपटे, तपकिरी गोळे. त्यांचे वर कोणते आणि खाली कोणते हे वेष्टनावर लिहिलेले नव्हते आणि पाहूनही कळत नव्हते. ताईने अंदाजाने लावले, आणि थंडी बाधू नये म्हणून चांगले वीतभर खोल लावले. पैकी चार कंद कधीच वर आले नाहीत. पाचव्याने जानेवारीत तीन पाने आणि एक फूल दिले. त्या एका फुलाचे छायाचित्र ताईने आम्हांस पाठवले होते आणि आम्ही तिला उत्तरादाखल जे पत्र लिहिले, त्यात ‘धीट’ हा शब्द होताच.

2016 च्या मे महिन्यात, उन्हाळी सुट्टीत, आम्ही तिच्याकडे गेलो. सायक्लमेनची पाने पिवळी पडून जमिनीशी लोळू लागली होती. महाराष्ट्रातला मे महिना अंगात मुरलेली माणसे आम्ही. पिवळे पान दिसले की हात पाण्याकडे जातो. ताई कामावर गेली की आम्ही रोज संध्याकाळी त्या झाडाला झारीभर पाणी घालीत असू. वर थोडे खतही घातले. पाने गेली तरी पाणी चालूच ठेवले. इतक्या धीट झाडाला थोडी मदत केली तर ते नक्की उभारी धरील, अशी आमची समजूत होती. तिकडची माती चिकण, पाणी धरून ठेवणारी. जूनच्या शेवटी आम्ही परतलो. सप्टेंबरात ताईने माती उकरून पाहिली तेव्हा कंदाच्या जागी काळपट लगदा होता. फोनवर ती एवढेच म्हणाली, ‘‘अगं, ते झोपलं होतं. झोपलेल्याला पाणी पाजत नाहीत.’’

ताईला हे कळले ते नंतर तिने मिळवलेल्या माहितीवरून. आम्हांसही पुढे ती मिळवावी लागली. थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे प्रतिपादन तिच्यावर उभे आहे.

हिवाळ्यात फुलणाऱ्या या जातीचे शास्त्रीय नाव सायक्लमेन कोम. तिचे मूळ घर काळ्या समुद्राभोवतालचा डोंगराळ प्रदेश : बल्गेरिया, तुर्कस्तानचा उत्तर भाग, क्रिमिया, कॉकेशस. तुर्कस्तानच्या दक्षिणेकडून लेबनॉनपर्यंतही ती आढळते. उंची जेमतेम चार बोटे. पाने गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराची, कधी गर्द हिरवी, कधी त्यांवर चांदीचा वर्ख दिल्यासारखी. फुलाच्या पाच पाकळ्या मागे वळलेल्या, आखूड, गोलसर. प्रत्येकीच्या मुळाशी गडद डाग. रंग पांढऱ्यापासून किरमिजीपर्यंत. हे झाड राहते ते बीच, हेझल अशा पानझडी वृक्षांच्या तळाशी. आणि सगळी मेख याच निवासस्थानात आहे.

पानझडी वनात उन्हाळ्यात जमिनीवर ऊन पोहोचत नाही. वरचे छत्र दाट असते आणि मोठ्या झाडांची मुळे जमिनीतले पाणी ओढून घेतात. खाली राहणाऱ्या चार बोटांच्या झाडाला तो काळ दुष्काळाचा आणि काळोखाचा. शरदात पाने गळू लागतात तशी छतात भोके पडतात, आणि हिवाळ्यात, जेव्हा सारे वन निष्पर्ण असते, तेव्हा वर्षातला सर्वांत जास्त प्रकाश जमिनीपर्यंत येतो. कोम नेमका हाच काळ वापरतो. त्याची पाने शरदाच्या शेवटी वर येतात, हिवाळाभर ऊन खातात, डिसेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत फुले येतात, आणि वरच्या झाडांना नवी पालवी फुटून छत पुन्हा मिटू लागले की मे महिन्याच्या सुमारास खालची पाने विरून जातात. मग कंद पुढच्या शरदापर्यंत जमिनीखाली स्वस्थ पडून राहतो.

म्हणजे हे फूल हिवाळ्याशी झुंजत नाही. हिवाळा हा त्याचा कामाचा हंगाम आहे. आपल्या शेतकऱ्याला आषाढ जसा, तसा त्याला पौष-माघ. आषाढात पेरणी करणाऱ्याला कोणी ‘पावसाला न जुमानणारा’ म्हणत नाही. पावसासाठीच तर तो थांबलेला असतो. पानगळीचा अर्थही इथे उलटा होतो. वरून पाहणारा कवी गळणारी पाने पाहून विरह आणि वार्धक्य आठवतो. बुंध्याशी राहणाऱ्या झाडाला मात्र तीच पानगळ म्हणजे खिडकी उघडणे आहे.

या झाडांच्या इंग्रजी वर्णनात ‘हार्डी’ हा शब्द हटकून येतो, आणि आमच्या मते गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. बागकामाच्या इंग्रजीत तो शब्द निव्वळ तांत्रिक आहे : आच्छादनाशिवाय, उघड्या जमिनीत, तिकडच्या हिवाळ्यात जगणारे झाड. कोमच्या बाबतीत शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत. पण मराठीत आणताना आपण त्याला ‘काटक’, ‘चिवट’, ‘कणखर’ करतो. हे सारे शब्द मुळात माणसांविषयीचे आहेत, आणि बरेचदा गरीब माणसांविषयीचे. ‘थंडी सोसणारे’ हा त्यातल्या त्यात बरा पर्याय. पण ‘सोसणे’ या क्रियापदाला मराठीत जो इतिहास आहे, सासुरवासापासून संतांपर्यंत, तो टाळून ते वापरता येत नाही. सोसणाऱ्याचे कौतुक करण्याची आपल्याला फार जुनी सवय आहे. कौतुक केले की पुढे त्याला काय हवे-नको ते पाहावे लागत नाही, हा त्या सवयीचा फायदा. असो.

प्रत्यक्षात कडाक्याचे हिम पडते तेव्हा कोम ताठ उभा राहतही नाही. त्याची पाने आणि देठ मलूल होतात, फुले अक्षरशः जमिनीवर निजतात. पाहणाऱ्याला वाटावे की संपले. हिम वितळले की काही तासांत ती पुन्हा उभी राहतात. रूपकच करायचे तर ते निदान या निजण्याचे करावे. ते अद्याप कोणत्याही उत्तरपत्रिकेत आमच्या पाहण्यात आलेले नाही.

येथे कोणी विचारील की साहित्याच्या विद्यार्थ्याला एवढे वनस्पतिशास्त्र कशाला? प्रतिमा वस्तूपासून मुक्त असते, कवीने फुलाला आशा म्हटले तर ते आशाच. आक्षेप रास्त आहे, आणि आम्हीही अनेक वर्षे हेच शिकवले. परंतु त्या उताऱ्याकडे पुन्हा वळू. लेखकाने वृद्ध स्त्री झाडाच्या बुंध्याशी उभी केली आहे, झाडे निष्पर्ण आहेत हे सांगितले आहे. जर हे फूल पानगळीमुळेच फुलते हे वाचकाला ठाऊक असेल, तर त्या स्त्रीच्या उतरत्या वयाचा आणि फुलाचा संबंध विरोधाचा राहत नाही. वार्धक्य असूनही आशा, असा तो अर्थ नाही. कदाचित वार्धक्यामुळेच उपलब्ध झालेले काहीतरी, असा आहे. कथा बदलते. ‘एक प्रकारचे विदेशी फूल’ या तळटिपेने हा सारा पदर कापून टाकला होता आणि उरलेली जागा आम्ही तयार प्रतीकाने भरली होती. विद्यार्थ्यांचा दोष नव्हता. त्यांना फूल दिलेच नव्हते, फक्त त्याचे नाव दिले होते.

नावांची गोष्ट निघालीच आहे, तर या झाडाची नावेही पाहण्यासारखी आहेत. ‘सायक्लमेन’च्या मुळाशी वर्तुळ या अर्थाचा ग्रीक शब्द ‘कुक्लोस’ आहे. कोणी म्हणतात तो गोल कंदावरून, कोणी म्हणतात फळधारणेनंतर गुंडाळत जाणाऱ्या देठावरून. हा ‘कुक्लोस’ आणि आपला ‘चक्र’ ही सख्खी भावंडे. भाषाविज्ञानाच्या तासाला इंडो-युरोपीय कुळाची जी उदाहरणे फळ्यावर लिहिली जातात, त्यांत ही जोडी असतेच. तेव्हा ‘चक्रकंद’ असे नाव कोणाला सुचलेच, तर ते भाषांतर न ठरता घरवापसी ठरेल. अर्थात आम्ही सुचवीत नाही. रुळलेला शब्द काढून पारिभाषिक कोशातला शब्द बसवण्याचे परिणाम आपण पुष्कळ पाहिले आहेत.

इंग्रजीतले जुने लोकनाम मात्र वेगळेच आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘डुकरिणीची भाकरी’, कारण डुकरे हे कंद उकरून खातात अशी समजूत. आपल्याकडच्या ‘वाराहीकंदा’ची आठवण येथे व्हावी. झाड निराळे, कूळ निराळे. पण कंद म्हटला की दोन्हीकडच्या खेडुतांना आधी डुक्करच दिसले. 1597 साली जॉन जेरार्डने इंग्रजीत वनौषधींचा जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात गर्भवतीने या झाडावरून ओलांडून जाऊ नये, गर्भपात होईल, असे सांगितले आहे, आणि आपल्या बागेतल्या सायक्लमेनभोवती आपण काठ्यांचे कुंपण केले आहे असेही. चूक समजूत, यात शंका नाही. तरीही त्या कुंपणामुळे त्याची झाडे तुडवली गेली नसतील, आणि आमच्या झारीपेक्षा ते कितीतरी बरे.

शास्त्रीय नावांचीही अशीच मौज. फिलिप मिलर हा लंडनच्या चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेचा प्रमुख माळी. त्याच्या बागकामाच्या कोशाच्या 1768 च्या आवृत्तीत ‘कोम’ आणि ‘पर्सिकम’ ही दोन्ही नावे आली. ‘पर्सिकम’ म्हणजे इराणची. ती जात इराणची नाही, पूर्व भूमध्यसमुद्राच्या किनाऱ्यांवरची आहे. ‘कोम’ हे नाव कॉस बेटावरून आले असे बरेच दिवस मानले जाई, पण त्या बेटावर हे झाड उगवत नाही. म्हणून काही जण त्या नावाचा संबंध आशिया मायनरच्या दक्षिणेकडील सिलिशिया प्रांताशी लावतात. एकूण काय, युरोपला ही झाडे मिळाली तेव्हा ती कुठून आली हे विचारण्याची कोणाला फारशी गरज भासली नसावी.

आणि तो प्रश्न नंतरही फारसा विचारला गेला नाही. आमची खरी तक्रार येथे आहे. दुकानातल्या सुक्या कंदांना जन्मस्थान असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायक्लमेन, स्नोड्रॉप यांसारख्या झाडांचे कंद तुर्कस्तानच्या डोंगरांतून प्रचंड प्रमाणात खणून नेले गेले. पोत्यांतून ते बहुधा हॉलंडच्या बाजारात जात आणि तिथून युरोपभर. डोंगरातल्या खणणाऱ्याला त्यातले फारच थोडे मिळे. आज सायक्लमेनची संपूर्ण प्रजाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे; तुर्कस्तानही 1996 साली त्या करारात सामील झाले. त्यामुळे निर्यातीवर मर्यादा आल्या, आणि काही गावांत कंद खणण्याऐवजी लागवड करून विकण्याचे प्रयत्नही झाले. परिस्थिती पूर्वीसारखी नाही, हे मान्य केले पाहिजे. पण कंद सुकवून, वेष्टनात घालून, झाडाला त्याच्या ऋतूपासून आणि जागेपासून तोडून विकण्याची पद्धत चालूच आहे. महिनोन्‌महिने सुकलेला कंद मुळे धरीलच असे नाही. ताईच्या पाचांपैकी चार वर आले नाहीत, यात नवल नव्हते.

गंमत अशी की हा व्यापार चालतो तो ‘धीट’ याच कल्पनेवर. जे झाड बर्फालाही भीत नाही, त्याचा कंद चार महिने कागदी पिशवीत राहिला तर काय बिघडले? जे सोसते ते काहीही सोसेल. वेष्टनावरचे चित्र आणि आमच्या विद्यार्थ्याचे वाक्य यांत तत्त्वतः फरक नाही. दोन्हींत झाडाचा गुण म्हणून जे सांगितले आहे, ते त्याच्याविषयी काहीही जाणून न घेण्याची सवलत आहे.

नाताळच्या सुमारास इंग्लंडात घरोघरी भेट म्हणून कुंडीतले जे मोठ्या फुलांचे सायक्लमेन जाते, ते या जातीचे नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. ते पर्सिकमच्या वाणांपैकी. त्याला हिम चालत नाही आणि तापवलेली खोलीही मानवत नाही. परिणामी बहुतेक कुंड्या फेब्रुवारीपर्यंत कचऱ्यात जातात. त्याविषयी लिहावे असे आम्हांस फारसे काही वाटत नाही.

मग कोम लावावा कसा? 2017 च्या फेब्रुवारीत ताईने सुका कंद न घेता एका लहान रोपवाटिकेतून कुंडीत वाढणारी, फुलावर असलेली दोन रोपे आणली. पाने आणि फुले डोळ्यांनी पाहून घेता येतात, वर कोणते खाली कोणते हा प्रश्न उरत नाही, आणि मुळे जिवंत असतात. हेझलखाली, गवत कापण्याचे यंत्र जिथे पोहोचत नाही अशा जागी, कंदावर जेमतेम दोन बोटे माती येईल इतकेच खोल तिने ती लावली. चिकण मातीत कुजलेला पालापाचोळा आणि थोडी बारीक खडी मिसळली. शरदात फुलणारी हेडेरिफोलियम नावाची दुसरी जात शेजारी लावू नये असा सल्ला तिला रोपवाटिकेत मिळाला होता. तिची पाने मोठी, आणि ती कोमला झाकून टाकतात. उन्हाळ्यात काही करायचे नाही. हे शेवटचे कलम पाळणे सर्वांत अवघड, असे ताई म्हणते, आणि आम्हांकडे पाहून म्हणते.

पण या झाडाची खरी मौज बियांत आहे. परागीभवन झाले की फुलाचा देठ टोकापासून मळसूत्रासारखा गुंडाळत जातो आणि बोंड जमिनीशी टेकवतो. फेब्रुवारी-मार्चात धरलेले बोंड जूनच्या अखेरीस पिकते. बियांवर गोड, चिकट आवरण असते. त्यासाठी मुंग्या बिया उचलून नेतात, आवरण खातात आणि बी टाकून देतात, बहुधा मूळ झाडापासून काही फुटांवर. बागेतले सायक्लमेन पसरते ते मुंग्यांच्या इच्छेने, मालकाच्या आराखड्याने नव्हे. हाताने पेरायचे असल्यास बी ताजे हवे. रात्रभर पाण्यात भिजवून, चिकटपणा धुऊन, कुंडीत अर्धा सेंटिमीटर खोल पेरून ती कुंडी सावलीत ठेवायची. उगवणीसाठी त्याला काळोख आणि गारवा लागतो. 2018 च्या जूनमध्ये ताईने पंचवीसेक बिया पेरल्या. नोव्हेंबरात प्रत्येक बीला एकच पान आले. त्या वर्षी बस एवढेच. हरभऱ्याच्या डाळीएवढा कंद आणि नखाएवढे एक पान.

2019 गेले, 2020 गेले. त्यातल्या काही कुंड्या सोंडकिड्याच्या अळ्यांनी पोखरल्या, काही कंद उंदरांनी नेले. 2021 च्या फेब्रुवारीत, टाळेबंदीत, ताईने भ्रमणध्वनीचा कॅमेरा मातीला टेकवून आम्हांस पहिले फूल दाखवले. बियांचे आई-बाप किरमिजी होते. हे फिके, जवळजवळ पांढरे होते, आणि मुळाशी डाग होता. पाने कोणत्याच दोन रोपांची सारखी नव्हती. बियांपासून वाढवण्यात हा एक लाभ आहे. कंद विकत घेणाऱ्याला चित्रातले फूल मिळते, बी पेरणाऱ्याला काय मिळेल ते कोणीच सांगू शकत नाही. इंग्लंडात 1977 साली स्थापन झालेली सायक्लमेनप्रेमींची एक संस्था आहे, ती आपल्या सभासदांना बिया वाटते. डोंगर न खणता झाड पसरवण्याचा हाच मार्ग, आणि त्याला तीन वर्षे लागतात. तीन वर्षे म्हणजे एक पदवी.

पानांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो, कारण साहित्यात फूल म्हटले की आपण पानांकडे पाहतच नाही. डी. एच. लॉरेन्सच्या 1923 सालच्या संग्रहात सिसिलीतल्या सायक्लमेनवर एक कविता आहे. ती दुसऱ्या जातीवर असली तरी विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी. फुलापाशी पोहोचण्यापूर्वी ती पानांवर, जमिनीलगतच्या ओलसर, चितारलेल्या पानांवर, बराच वेळ रेंगाळते, आणि फुलाला सांत्वनाच्या कामाला लावीत नाही. या झाडाचा बहुतेक हिवाळा पानांचाच असतो. ताईच्या बागेत त्यांनी नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत जमीन झाकलेली असते. फुले त्यातले काही आठवडे.

आणि शिशिर म्हणजे खिन्नता हे समीकरण तरी आपले कुठे आहे? ‘ऋतुसंहारा’तला शिशिर ऊबदार घरांचा आणि प्रणयी जनांचा आहे, शोकाचा नाही. आपल्या पंचांगातला शिशिर माघ-फाल्गुनाचा, म्हणजे नेमका कोमच्या बहराचा. निष्पर्ण वृक्ष पाहून उदास होण्याची सवय आधुनिक मराठी कवितेला लागली ती पुष्कळशी इंग्रजी वाचनातून. ती वाईट आहे असे नाही. पण मग इंग्रजी बागेतले एक झाड त्याच हिवाळ्याकडे वेगळ्या नजरेने पाहते, हे तरी आपल्या वाचनात यायला हवे होते.

वस्तुतः महाराष्ट्रातल्या वाचकाला हे झाड कळायला इंग्रजांपेक्षा सोपे जावे. जमिनीखाली निजून वाईट ऋतू घालवणारे कंद आपल्या पायांखाली आहेत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात जे फुलते, त्यातले कितीतरी उन्हाळाभर कातळावरच्या चिमूटभर मातीत कंदरूपाने पडून असते. तेथला वायतुरा त्यांपैकीच. मे महिन्यात तिथे गेलेल्याला काळा दगड आणि वाळके गवत दिसते, आणि तो परत येऊन सांगतो की तिथे काही नाही. कोकणातल्या आमच्या आजीच्या अंगणात भुईचाफा होता. पाने वाळली की ती त्या कोपऱ्यात कोणाला पाणी ओतू देत नसे, आणि मग ऐन उन्हाळ्यात एके सकाळी पानांवाचून, थेट जमिनीतून फूल वर येई. तिला कोणी वनस्पतिशास्त्र शिकवले नव्हते. आम्ही एम. ए. होऊन तिच्या अंगणातून जे विसरून आलो, ते इंग्लंडच्या मातीत एक कंद कुजवून आठवले.

यंदाच्या सत्राला तोच उतारा आम्ही पुन्हा दिला. या वेळी तळटीप आम्ही स्वतः लिहिली, सहा ओळींची, आणि तीत झाडाचे वर्षभराचे वेळापत्रक दिले. प्रश्नातला ‘प्रतीकात्मक’ हा शब्द काढून टाकला. उत्तरे पहिल्यापेक्षा लांबीने कमी आली. दोघीतिघींनी ‘आशा’ लिहिलेच. एका मुलीने मात्र विचारले आहे की त्या वृद्ध स्त्रीचे घर उताऱ्यात झाडाच्या कोणत्या बाजूला आहे आणि तिला हे फूल घरातून दिसत असेल का, की त्यासाठी बर्फात बाहेरच यावे लागत असेल. आम्ही कथा पुन्हा वाचून पाहिली. त्याचे उत्तर कथेत नाही. तिला किती गुण द्यावेत यावर आम्हां दोघांत अद्याप एकमत झालेले नाही.

ताईकडची बातमी अशी की मुंग्यांनी कुंपणापलीकडेही बिया नेल्या आहेत. शेजारच्या बाईंनी या मार्चमध्ये तिला बोलावून आपल्या फरशीच्या फटीतली बारीक गोल पाने दाखवली आणि हे तण उपटू का, असे विचारले. ताईने त्यांना मे महिन्यापर्यंत थांबायला सांगितले आहे. मेमध्ये ती आपोआप नाहीशी होतील, मग उपटायला काही उरणार नाही.